डीडी फ्री डिशवरचा रेडिओ: कार्यक्रम, आवाज आणि मुंबईतली जोडणी

मुंबईत महिन्याचं भाडं न भरता, इंटरनेटवर अवलंबून न राहता दिवसरात्र शास्त्रीय संगीत, जुनी चित्रपटगीतं आणि मराठी कार्यक्रम ऐकायचे असतील, तर डीडी फ्री डिशवरच्या, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह-टीव्ही सेवेवरच्या, आकाशवाणीच्या वाहिन्या हा आजही सगळ्यात चांगला सौदा आहे. टीव्हीसाठी घेतलेल्या डिशमधूनच त्या येतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. तरीही बऱ्याच घरांत रिमोटवरचं टीव्ही/रेडिओ हे बटण कधी दाबलंच जात नाही, याचं वाईट वाटतं.

आवाजाबद्दल मात्र एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. उपग्रहावरून आलेला आवाज डिजिटल असला म्हणून तो आपोआप उत्तम ठरत नाही. वाटेत खरखर मिसळू द्यायची नाही, एवढंच उपग्रहाचं काम. स्टुडिओतून काय निघालं, ते किती दाबून, म्हणजे त्यातली माहिती किती कमी करून, पाठवलं आणि घरातल्या सेट-टॉप बॉक्सनं ते कसं बाहेर काढलं, यावर बाकी सगळं ठरतं. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी पूर्णपणे आपली आहे, आणि घरोघरचा आवाज बहुतेक वेळा तिथेच बिघडलेला असतो.

सॅटेलाइट रेडिओ म्हटलं की अनेकांना वर्ल्डस्पेस आठवतं, म्हणून त्याबद्दल आधी. मार्च २००० मध्ये सोडलेल्या एशियास्टार उपग्रहावरून, १०५ अंश पूर्वेवरून, १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती सेवा यायची. खिडकीत ठेवलेला तळहाताएवढा अँटेना पुरायचा आणि एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीवर पावसाचा जवळजवळ त्रास नसायचा. गांधर्ववर हिंदुस्थानी, श्रुतीवर कर्नाटक, फरिश्तावर जुनी हिंदी गाणी, सुरभीवर मराठी. एका वाहिनीवर एकाच प्रकारचं संगीत, ही शिस्त तिथे कसोशीनं पाळलेली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद झाली. त्या काळातले रिसीव्हर जुन्या बाजारात कुठे दिसले, तर उपग्रहासाठी म्हणून घेऊ नका. फार तर एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी उपयोग होईल. अमेरिकेहून आणलेला सिरियस-एक्सएमचा रेडिओही इथे काही कामाचा नाही, कारण त्याच्या उपग्रहांचं क्षेत्र उत्तर अमेरिकेचं आहे. गाडीत चालणारा सॅटेलाइट रेडिओ भारतात आज नाही. घरात बसून ऐकायचं असेल तर डीटीएच, म्हणजे घरच्या डिशवर थेट येणारी उपग्रह सेवा, आणि त्यात फुकट म्हणजे फ्री डिश.

ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली. आता ती नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या जीसॅट-१५ वरून, ९३.५ अंश पूर्वेवरून येते. टीव्हीबरोबर आकाशवाणीच्या चाळीसच्या पुढे वाहिन्या तिच्यावर आहेत: विविध भारती, एफएम गोल्ड, एफएम रेनबो, शास्त्रीय संगीताची रागम, आणि भाषावार वाहिन्या, ज्यात मराठीही आहे. डिश, एलएनबी (डिशच्या पुढे बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), वायर आणि बॉक्स मिळून खर्च दीड-दोन हजारांच्या आसपास. तो एकदाच करायचा.

कार्यक्रमांच्या दृष्टीनं या यादीतलं खरं रत्न म्हणजे रागम. २६ जानेवारी २०१६ रोजी बंगळूरहून सुरू झालेली ही चोवीस तासांची वाहिनी हिंदुस्थानी आणि कर्नाटक असं दोन्ही संगीत लावते. आकाशवाणीकडे जे ध्वनिमुद्रण आहे, ते दुसऱ्या कुणाकडे नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ पासून, आकाशवाणी संगीत संमेलन १९५४ पासून. एवढ्या वर्षांत मोठमोठे गवई-वादक स्टुडिओत येऊन गेले, आणि त्यातलं कितीतरी बाजारात कधी आलंच नाही. स्ट्रीमिंगच्या ॲपवर एकाच कलाकाराचा तोच तो गाजलेला यमन पुन्हा पुन्हा समोर येतो. रागमवर नाव फारसं न ऐकलेला एखादा सारंगिया अचानक अर्धा तास धरून ठेवतो. सकाळी तोडी-भैरव, सांजवेळी मारवा-पूरिया हा प्रहराचा क्रम इथे अजून गांभीर्यानं घेतला जातो, आणि ज्याला प्रहर पाळून ऐकायची सवय आहे त्याच्यासाठी एवढ्या एका कारणानं ही वाहिनी लावून ठेवण्यासारखी आहे.

उणीवही सांगायला हवी. राग, ताल आणि साथीदारांची नावं निवेदनात येतात ती सुरुवातीला आणि शेवटी. मध्येच वाहिनी लावली तर पडद्यावर फक्त वाहिनीचं नाव दिसतं; कोण गातंय, राग कोणता, हे कळायला कार्यक्रम संपेपर्यंत थांबावं लागतं. डीव्हीबी या डिजिटल प्रसारणाच्या पद्धतीत अशी माहिती पाठवायची सोय मुळातच आहे, त्यामुळे ही कमतरता दूर करण्यासारखी आहे. दुसरं, ठरलेल्या वेळात बसवायचं असल्यानं द्रुत रंगात आलेली असताना आवाज हळूच खाली जाऊ शकतो. ख्यालाला वेळेची अशी वेसण बसली की ऐकणारा हळहळतो.

विविध भारतीबद्दल नव्यानं काय सांगायचं? ३ ऑक्टोबर १९५७ पासूनची ही सेवा आज मुंबईतून, बोरिवलीतून चालते. तिची ताकद निवेदकांत आहे. रात्री दहाच्या छायागीतमध्ये निवेदक स्वतः गाणी निवडतो, एका धाग्यात ओवतो, आणि दोन गाण्यांच्या मध्ये मोजकंच बोलतो. सकाळच्या संगीत सरितामध्ये थोडक्या मिनिटांत राग समजावला जातो. आरोह-अवरोह, चलन, त्या रागावरचं एखादं चित्रपटगीत. नव्यानं रागसंगीत ऐकू लागलेल्यांनी महिनाभर नेमानं तो ऐकावा, कान तयार होतो. दुपारी जाहिराती आणि फर्माइशी वाढतात. तेव्हा एकाग्र होऊन ऐकण्यापेक्षा काम करता करता ऐकणं बरं.

मराठी वाहिनी घेताना अपेक्षा ठीक ठेवा. ती भाषेची वाहिनी आहे, संगीताची नाही. बातम्या, शेती, श्रुतिका, मुलाखती यांच्या अधूनमधून भावगीतं, नाट्यगीतं, अभंग आणि लोकसंगीत येतं. मुंबईची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झवर लागते, पण एलईडी दिवे, चार्जर आणि लिफ्टच्या मोटारी यांच्या गोंगाटात इमारतीच्या आत मध्यम लहरींचा रेडिओ ऐकणं आता कठीण झालंय. डिशवरून मराठी ऐकण्याचा मोठा फायदा इथे दिसतो: तो गोंगाट वाटेत येतच नाही. एफएम गोल्ड आणि रेनबो मात्र इथल्या १००.७ आणि १०७.१ शी ताडून पाहा. डिशवरची वाहिनी आणि मुंबईच्या एफएमवरची वाहिनी यांचे कार्यक्रम एकच असतील असं धरून चालू नका.

आता आवाज.

मध्यम लहरींवर दोन स्टेशनांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे आवाजाला जेमतेम साडेचार किलोहर्ट्झ मिळतात. एफएमवर १५ किलोहर्ट्झ मिळतात, पण मुंबईत टॉवरांवरून परावर्तित होऊन तोच सिग्नल दोन-तीन वाटांनी येतो आणि ‘स’, ‘श’ फाटल्यासारखे होतात, स्टिरिओ डळमळतो. डिशवरून यातलं काहीच होत नाही. पार्श्वभूमी शांत, स्टिरिओ स्थिर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

मग कमी कुठे पडतं? दाबण्यात. डीव्हीबी रेडिओत एमपीईजी लेअर-२ हे जुनं कोडिंग सर्वाधिक चालतं. ते आवाजाचे ३२ पट्टे करतं. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला प्रत्येक पट्टा ७५० हर्ट्झचा. कोणत्या पट्ट्याला किती बिट, म्हणजे माहितीचे कण, द्यायचे हे ते दर २४ मिलिसेकंदांनी ठरवतं. स्टिरिओला सेकंदाला १९२ ते २५६ किलोबिट मिळाले तर बहुतेक संगीत निर्धास्त ऐकता येतं. १२८ वर तडजोड सुरू होते: वरच्या पट्ट्यांना बिट उरत नाहीत, आणि डावं-उजवं वरच्या भागात एकत्र केलं जातं. त्याखाली ती स्पष्ट ऐकू येते.

ती ओळखायची कशी? आपल्याकडे यासाठी टाळांइतकी चांगली कसोटी नाही. अभंग लागला की टाळांकडे लक्ष द्या. चांगल्या आवाजात प्रत्येक ठोका वेगळा सुटतो, मग त्याची आस हळूहळू विरते. बिट कमी असले की ठोका बोथट होतो आणि मागे नुसती सळसळ उरते. लावणीतल्या घुंगरांचं तेच होतं. तंबोऱ्याची कसोटी अधिक सूक्ष्म आहे. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात वरचे स्वर संथपणे उमलतात आणि मिटतात. कमी बिटवर तिथे पाण्यातून आल्यासारखी डचमळ ऐकू येते. तबल्याच्या चाटीवर ‘ना’ वाजतो त्याच्या आधी क्षणभर फुस्स असा आवाज आला तर तोही याच दोषाचा. पायपेटी आणि बासरी मात्र सहसा सुटतात, म्हणून त्यांच्यावरून निकाल देऊ नका.

एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरची गाणी अशा वाहिनीवर अगदी छान लागतात. त्यांच्यात वरचे स्वर मुळातच कमी आणि आवाज मोनो, त्यामुळे मिळालेले बिट पुरतात. १९५० च्या दशकातली चित्रपटगीतं डिशवर ऐकताना काही गमावल्यासारखं वाटत नाही ते यामुळेच. अलीकडे ध्वनिमुद्रित झालेलं संतूर किंवा सरोदवादन ऐकताना मात्र वाहिनीची मर्यादा कळते.

आणखी एक दोष उपग्रहाच्या आधीच शिरतो. एफएमसाठी तयार केलेला आवाज कंप्रेसरमधून गेलेला असतो: हळू ते मोठं केलं जातं, मोठं दाबलं जातं. तोच आवाज डिशकडे वळवला, तर तबला थांबताच तंबोरा वर उसळतो आणि सम पडली की खाली बसतो. विलंबित ख्यालात हे फार खटकतं. शिवाय त्या आवाजाची वरची मर्यादा १५ किलोहर्ट्झच राहते, उपग्रहावर कितीही जागा असली तरी. मुंबईतून निघालेली वाहिनी दिल्लीतल्या तोडापूरच्या भूकेंद्रावरून उपग्रहाकडे जाते. अशा वाटेवर आवाज एकाहून जास्त वेळा दाबला-उलगडला गेला, तर प्रत्येक वेळी थोडी झीज होते.

तुमच्या आवडत्या वाहिनीला किती बिट मिळालेत हे अंदाजानं ठरवू नका, मोजा. बहुतेक बॉक्सना मागे किंवा पुढे यूएसबी असतो. एफएटी-३२ फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लावून रेडिओ वाहिनी दहा मिनिटं रेकॉर्ड करा. तयार झालेली टीएस फाइल संगणकावर मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडली, की कोडिंग कोणतं, बिटरेट किती, सॅम्पलिंग किती, मोनो की स्टिरिओ, सगळं दिसतं. ही फाइल म्हणजे उपग्रहावरून आलेले बिट जसेच्या तसे. बॉक्सच्या आवाजाचा तिच्याशी काही संबंध नाही. तीच फाइल चांगल्या हेडफोनवर ऐका आणि मग बॉक्समधून तीच वाहिनी ऐका. फाइल छान आणि बॉक्स खराब, तर दोष घरात आहे. दोन्ही सारखीच, तर तक्रार प्रसारणाची. वाहिन्यांचे बिटरेट बदलत असतात, त्यामुळे वर्षातून एकदा हे करून पाहणं बरं.

घरातला दोष असेल तर पहिली जागा रिमोटवरचं ऑडिओ बटण. त्यात लेफ्ट, राइट, स्टिरिओ असे पर्याय असतात आणि कुणाच्या तरी हातून लेफ्ट लागून राहतं. मग दोन्ही स्पीकरमधून एकच बाजू ऐकू येते. ते स्टिरिओवर आणा. दुसरी जागा बॉक्सचा आवाज. तो आतमध्ये आकड्यांत कमी केला जातो, म्हणजे कमी ठेवला की बारकावे जातात आणि मग ॲम्प्लिफायर वाढवला की खरखरही वाढते. बॉक्स कमाल पातळीवर ठेवा, आवाज फाटत असेल तर एक-दोन पायऱ्या खाली, आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर करा. तिसरी जागा बाहेर काढण्याची वाट. स्वस्त बॉक्सच्या लाल-पांढऱ्या आरसीए जॅकमधून ऐकलं तर त्याच्या आतल्या डॅकचा (आकड्यांतून आवाज बनवणाऱ्या चिपचा) हलका ‘हिस्स’ आणि चित्राच्या सर्किटची कुरकुर मिसळते. बॉक्सला कोॲक्सियल किंवा ऑप्टिकल डिजिटल आउटपुट असेल तर तो वापरा आणि एखादा साधा बाहेरचा डॅक लावा. नसेल तर एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारा छोटा एक्स्ट्रॅक्टर लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम, म्हणजे बॉक्सनं उलगडलेला आवाज, ठेवा. बिटस्ट्रीम, म्हणजे दाबलेला आवाज तसाच, ठेवलं तर लेअर-२ न ओळखणारा ॲम्प्लिफायर गप्प राहतो, आणि माणूस केबल बदलत बसतो.

टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर सराउंड, क्लिअर व्हॉइस, ऑटो व्हॉल्यूम हे सगळं बंद करा. ऑटो व्हॉल्यूम आलापाचा जीव घेतो.

स्पीकरमध्ये सतत ‘हुं’ असा ५० हर्ट्झचा आवाज येत असेल तर तो अर्थिंगचा फेरा असतो: गच्चीवरची डिश एका ठिकाणी अर्थ झालेली, ॲम्प्लिफायर दुसरीकडे. खात्री करायला बॉक्सची डिशची वायर क्षणभर काढा. आवाज थांबला तर निदान पक्कं. बॉक्स आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डवर घ्या. तरी राहिला तर आरसीए वायरच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा किंवा ऑप्टिकल जोडणी वापरा, तिच्यात वीजप्रवाहाची वाटच नसते. ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो जिवावर बेततो.

बॉक्स बंद-चालू केला की बहुतेक वेळा शेवटची वाहिनी लागते, त्यामुळे टीव्ही न लावताही रेडिओ ऐकता येतो. रागम, विविध भारती, मराठी या वाहिन्या फेव्हरिटमध्ये टाका आणि क्रमांक कागदावर लिहून बॉक्सला चिकटवा. फेरस्कॅन झालं की क्रम बदलू शकतो, तेव्हा तो कागदही बदला.

मुंबईतली जोडणी हा वेगळाच अभ्यास आहे. इथून ९३.५ अंश पूर्वेचा उपग्रह आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १३१ अंशांवर, क्षितिजापासून साडेसत्तावन्न अंश उंच दिसतो. म्हणजे वरळी, वांद्रे, वर्सोवा इथल्या समुद्राकडे तोंड केलेल्या पश्चिमेच्या खिडकीतून तो मिळणार नाही. मागची बाजू किंवा गच्चीच हवी. समोरची इमारत आड येते का, याचा हिशेब सोपा आहे: तिचं अंतर मीटरमध्ये घेऊन दीडपटीला थोडं वर न्या. २० मीटरवरची इमारत डिशच्या पातळीपेक्षा ३१ मीटरपर्यंत, म्हणजे साधारण दहा मजले उंच असली तरी चालते. पुनर्विकासात समोर तीस-चाळीस मजले उभे राहिले की हे गणित बिघडतं, म्हणून शेजारी पत्रे लागलेले दिसले तर खिडकीच्या ग्रिलऐवजी गच्चीचा विचार आधीच करा. सोसायटीची परवानगी लेखी घ्या आणि वायर डक्टमधून न्या.

जागा तपासायची एक खात्रीची युक्ती आहे. १२ मार्चच्या आसपास सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला, आणि १ ऑक्टोबरच्या आसपास पावणेअकरा ते अकराच्या दरम्यान, सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागे असतो. त्या वेळी डिशच्या जागी थेट ऊन पडत असेल तर वाट मोकळी आहे. याच काही दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं आवाज तुटतो. सूर्याचा गोंगाट एलएनबीत शिरतो. तो बॉक्सचा दोष नाही, मेकॅनिक बोलावू नका.

दिशा लावताना होकायंत्र लोखंडी ग्रिलपासून दोन-तीन हात दूर धरून वाचा. साठ सेंटिमीटरच्या ऑफसेट डिशचा चेहरा साडेसत्तावन्न अंश वर बघत नाही. ऑफसेटचे सुमारे २५ अंश वजा होऊन ती ३२-३३ अंशच कललेली दिसते, म्हणून डोळ्यांनी बघून ‘फारच खाली आहे’ असं समजून ती वर करू नका. एलएनबी मात्र वळवावा लागतो. भौमितिक हिशेबानं इथे हा कल सुमारे ४५ अंश, डिशच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड केलं असता डावीकडे. शेवटचं ठरवायचं ते बॉक्सवरच्या क्वालिटीच्या पट्टीवर. स्ट्रेंग्थच्या पट्टीला भुलू नका. ती वायर आणि एलएनबी जिवंत आहेत एवढंच सांगते. घरात पूर्वीची टाटा प्लेची डिश पडून असेल तर ती ८३ अंशांवर रोखलेली असते. तिला पूर्वेकडे सुमारे २० अंश वळवून सात-एक अंश खाली आणावं लागतं. डिश टीव्हीची ९५ अंशांवरची असेल तर हलका धक्का पुरतो. दोन्ही वेळा एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०/१०६०० लिहिलेला, आहे का ते पाहा. नसेल तर बदला. सेटिंगमध्ये २२ किलोहर्ट्झ (एलएनबीला वरच्या पट्ट्यावर नेणारा संकेत) बंद ठेवा, कारण फ्री डिश खालच्या पट्ट्यात आहे.

वायर आरजी-६ घ्या आणि मधली तार पूर्ण तांब्याची मागा. लोखंडावर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर समुद्राच्या हवेत टोकाला गंजते आणि लांब ओढली तर एलएनबीला पुरेसा व्होल्टेज पोचत नाही. कनेक्टर पिळून बसवायचा नको, कॉम्प्रेशनचा. एलएनबीजवळ वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून पडेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही. वरून सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप. मे महिन्यात एकदा एलएनबीची टोपी तपासा. उन्हानं आणि कबुतरांच्या चोचींनी तिला चीर गेली की पहिल्याच पावसात आत पाणी.

पाऊस हा या सेवेचा खरा शत्रू. ११ गिगाहर्ट्झच्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात, आणि रेडिओ टीव्हीच्याच गठ्ठ्यातून येत असल्यानं चित्र गेलं की गाणंही जातं. इथे हळूहळू खरखर वाढत नाही. आवाज स्वच्छ असतो तो एकदम तुटतो. साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची डिश लावली तर साडेतीन डेसिबलची भर पडते. मध्यम पाऊस त्यात निभावतो, जुलैतली ढगफुटीसारखी सर नाही. मोठी डिश वाराही जास्त धरते, म्हणून ती ग्रिलवर नको. गच्चीवर चार अँकर बोल्टवर, आणि तीही सुट्या विटांच्या भिंतीवर नव्हे.

खासगी डीटीएचच्या संगीत सेवांचा उल्लेख थोडक्यात. तिथे प्रकारानुसार वाहिन्या असतात, निवेदक नाही, गाण्याचं नाव पडद्यावर दिसतं, आणि महिन्याला पैसे जातात. दुकानात किंवा दवाखान्यात मागे मंद संगीत हवं असेल तर सोयीचं. घ्यायच्या आधी एकच चाचणी करा: ओळीनं चार दिवस त्याच वेळी लावून गाण्यांची नावं टिपा. यादी लहान असेल तर चौथ्या दिवशी ती उघडी पडते.

न्यूज ऑन एअर हे आकाशवाणीच्या वाहिन्या इंटरनेटवरून ऐकवणारं ॲप डिशला पूरक आहे, पर्याय नव्हे. पुणे, कोल्हापूर यांसारखी आकाशवाणीची केंद्रं ऐकायला ते हवंच, पावसात डिश गेली की तेच कामाला येतं. १२८ किलोबिटचा प्रवाह तासाला ५८ एमबीच्या आसपास डेटा खातो, ६४ चा त्याच्या निम्मा. दिवसभर लावून ठेवायचं असेल तर हा हिशेब डोक्यात ठेवा.

डिशवर आणि ॲपवर दोन्हीकडे आवाज मूळ प्रसारणाच्या मागे असतो. उपग्रहापर्यंत जाऊन यायला पाव सेकंद, त्यात कोडिंगचा वेळ मिळवला की अंतर वाढतं. ॲपवर ते आणखी जास्त. म्हणून बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावायचं असेल तर ते साध्या रेडिओवर लावा. आणि दोन खोल्यांत एकच वाहिनी ऐकायची असेल तर एका खोलीत डिश आणि दुसरीत एफएम असं करू नका. एकाच बॉक्समधून दोन्हीकडे वायर न्या, नाहीतर दाराशी उभं राहिल्यावर दोन्ही खोल्यांतली सम वेगवेगळ्या वेळी येते.